‘नेहमीचेच’ या शब्दाविरुद्ध

दिवाळीच्या चार दिवसांत कोणाशी भांडू नये, असा आमच्या घरचा दंडक होता. तो मी आज मोडणार आहे. समाधान एवढेच, की माझे भांडण कोणा माणसाशी नसून एका शब्दाशी आहे. हा शब्द दिसायला गरीब आहे. तो कोणाला टोचत नाही, कोणाची निंदा करीत नाही, आणि घराघरांतून दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे ‘नेहमीचेच’.

वसईच्या पश्चिमेला भुईगावच्या किनाऱ्यावर सकाळची फेरी मारून परत येताना वाटेत हटकून कोणीतरी भेटते. माझ्या गळ्यात दुर्बीण आणि हातात वही पाहून विचारते, “काय काका, आज काय पाहिलंत?” पुष्कळ वर्षे माझे उत्तर ठरलेले होते. “विशेष काही नाही. नेहमीचेच.” विचारणाऱ्याचे समाधान होई, मलाही घरी जाऊन चहा घ्यावयाचा असे, आणि संवाद तेथेच संपे. पण मातीच्या डंपरांनी आमच्या वसईचे जेवढे नुकसान केले, त्यातले निम्मे या ‘नेहमीचेच’ने केले आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. हे विधान वाचकांना अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून दुसऱ्या कोणावर आरोप करण्यापूर्वी मी माझाच गुन्हा सांगतो.

मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. पस्तीस वर्षे मी हिशेब तपासण्याची नोकरी केली. दुसऱ्याच्या वहीत एका पावतीची उणीव आढळली, की तो खर्च मी नामंजूर करीत असे. मग तो गृहस्थ कितीही शपथा घेवो. ‘खर्च केला असेल, पण पावती नाही, म्हणजे खर्च नाही,’ हे माझे वाक्य कचेरीत थट्टेचा विषय झाले होते. असा हा कडक माणूस सकाळी खाडीवर गेला, की स्वतःच्या वहीत काय लिहीत असे? एखादा नवा पाहुणा दिसला, तर त्याचे नाव, रंग, चोच, पाय, उडण्याची ढब, सारे पानभर लिहीत असे. आणि बाकीच्या शेकडो जिवांसाठी पानाच्या तळाशी एकच ओळ, ‘इतर : नेहमीचेच.’ अशा कितीतरी पानांच्या तळाशी ही ओळ आहे. ती माझ्याच हस्ताक्षरात आहे, त्यामुळे नाकबूल करण्याची सोय नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या खाडीलगतच्या खाजणात, एका जुन्या मिठागराच्या कडेला, भराव पडू लागला. आम्ही चारपाच जणांनी तक्रार केली. यथावकाश पाहणी झाली आणि पंचनामा झाला. त्यात एक वाक्य होते, ‘सदर जागेवर पक्षी आढळून आले नाहीत.’ आम्ही संतापलो. ‘धादांत खोटे!’ असे ओरडलो. परंतु वाचकहो, ते वाक्य खोटे नव्हते. मी पंचनाम्यावरची तारीख आणि वेळ पाहिली, कालनिर्णय काढून तिथी पाहिली आणि डोक्याला हात लावला. तिथी होती पंचमी आणि वेळ होती सकाळची दहा.

हा हिशेब किनाऱ्यावरच्या कोणाही म्हाताऱ्या कोळ्याला तोंडपाठ असतो. तिथीला पाऊण पट करावी, येईल ती भरतीची वेळ. पंचमीची भरती पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. त्याअर्थी पूर्ण ओहोटी सुमारे सहा तास आधी, सकाळी दहाला. ओहोटीला समुद्र मागे सरतो, चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात किडे, गोगलगाई, बारीक कुर्ल्या वेचण्यासाठी चिखल्या, तुतवार, टिलवे असे सारे पाणपक्षी पार दूर पाण्याच्या रेघेशी पांगलेले असतात. मिठागर त्या वेळी रिकामेच असावयाचे! भरतीचे पाणी चढून तो चिखल झाकला गेला, म्हणजे हे सगळे थवे उठतात आणि उंचवट्याच्या कोरड्या किंवा उथळ जागी, म्हणजे मिठागरांत आणि खाजणांत, पाणी ओसरेपर्यंत दाटीवाटीने उभे राहतात. पंच मंडळी पावणेचारला आली असती, तर त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नसती. ती दहाला आली. सरकारी कचेरीची सोयीची वेळ आणि समुद्राची वेळ यांचा पंचांग पाहून मेळ घालण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आम्ही हे सारे लिहून कळविले. त्यावर उलट विचारणा झाली, आणि ती रास्त होती. कोणत्या जातीचे पक्षी? किती? कोणकोणत्या तारखांना? किती वर्षे सातत्याने? मी माझ्या वह्या काढल्या. एका हिवाळ्यातले एका दुर्मीळ कुरवाचे वर्णन होते. दुसऱ्या एका पानावर चुकून आलेल्या एका पाहुण्याचे रेखाचित्र होते. आणि ज्या शेकाट्यांनी ते मिठागर दर हिवाळ्यात पांढरेकाळे केले, त्यांच्या नावाने माझ्याजवळ एकच शब्द होता, ‘नेहमीचेच’. किती? ठाऊक नाही. कधीपासून? ठाऊक नाही. ज्या मी पावतीवाचून एक रुपया मंजूर केला नाही, त्याच माझ्याजवळ हजारो पक्ष्यांची एकही पावती नव्हती. माझ्याच नियमाने माझा दावा नामंजूर झाला. आज त्या जागी पत्र्याचे कुंपण आहे.

तेव्हापासून मी रोज मोजतो, आणि मोजणाऱ्याला लोक जे जे बोलतात ते सारे ऐकतो. त्यांना उत्तरे द्यावीत, म्हणून हा लेख.

पहिला आक्षेप शेजारपाजारचा. ‘बगळे आणि कावळे मोजून काय मिळणार?’ याला उत्तर म्हणून मी गिधाडाची गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकापर्यंत पांढऱ्या पाठीचे गिधाड हे हिंदुस्थानातले अगदी ‘नेहमीचे’ पाखरू होते. गावाबाहेर ढोर टाकले, की तासाभरात गिधाडे हजर. त्यांची नोंद कोण कशाला करील? सुदैवाने राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात ती नोंद होत होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात तेथे गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा ती दीडशेवर आली होती. आणखी काही वर्षांत एकही उरले नाही. देशभर पाहिले, तर या जातीतली शंभरातली नव्याण्णव गिधाडे नाहीशी झाली. पुढे शोध झाला. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर आपल्या देशात बंदी आली.

आता विचार करा. १९९६ चा ‘दीडशे’ हा आकडा एकटा काय सांगतो? काहीही नाही. दीडशे घरटी म्हणजे भरपूरच, असे कोणीही म्हटले असते. तो आकडा किंचाळला, कारण त्याच्यामागे पूर्वीचा साडेतीनशेचा आकडा उभा होता. आणि तो उभा होता, कारण गिधाडे चिक्कार असताना, ती मोजणे वेडेपणाचे वाटावे अशा काळात, कोणीतरी ती मोजली होती. दुर्मीळ झाल्यावर सगळेच मोजतात. मुबलक असताना मोजणाऱ्यालाच लोक हसतात, आणि पुढे उपयोगी पडते ते त्याचेच मोजणे.

दुसरे उदाहरण आपल्या कोकणातले, आणि अधिक गोड. १९३० साली डॉ. सलीम अली जर्मनीतून शिकून परत आले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी गेलेली होती. हाताला नोकरी नाही, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला सासरच्या घरी येऊन राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती. सुगरण! जिचा खोपा आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असतो, असे हे पाखरू. तिच्यात पाहण्यासारखे नवे ते काय? पण हे गृहस्थ शिडीवर बसून रोज, तासन्‌तास, एकेका खोप्याची हकीकत लिहीत राहिले. तेव्हा कळले, की खोपा विणतो तो नर, अर्धवट विणलेला खोपा मादीच्या पसंतीस उतरला तर ती त्यात बिऱ्हाड करते, आणि मग हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोप्याकडे सगळ्यांनी पाहिले, त्याच्यातला संसार कोणाला दिसला नव्हता. तो दिसला, कारण एका माणसाने ‘नेहमीचेच’ म्हणावयाचे नाकारले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. ‘माणसांना घरे नकोत का?’ हवीत. २०११ च्या शिरगणतीत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक माणसे होती, आणि त्यानंतरची भर रोज सकाळी विरारच्या गाडीत उभे राहणाऱ्याला सांगावी लागत नाही. मुंबईत ज्याला खोली परवडत नाही, तो येथे येतो. त्याला ‘तू शेकाट्यासाठी माघारी जा’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी राहतो ती इमारतही कोणाच्या तरी भातखाचरावर उभी आहे. तेव्हा सोवळेपणाचा आव मी आणीत नाही.

परंतु याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहा. जुलै २०१८ मध्ये वसईत पाऊस कोसळला, तेव्हा रेल्वे बंद पडली, वस्त्यांमधून दिवसच्या दिवस पाणी तुंबले, आणि मिठागरांत राहणारी शेकडो माणसे पाण्यात अडकली. पाणी कोठे तुंबले? जेथे त्याची जुनी बैठक होती तेथे. खाजण, मिठागर, बावखल या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या खोल्या आहेत. त्या आपण बुजविल्या, म्हणून ते आपल्या खोल्यांत आले. आमच्या वसईत वाडीवाडीला एकेक बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे, विहिरींना झिरपे, उन्हाळ्यात केळी आणि पानवेली त्यावर जगत. आज बुजविलेल्या बावखलाची जागा दाखविणारे म्हातारे भेटतात, पण त्यात कोण पोहत होते, काठावर कोण घरटे करीत होते, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत होते, हे लिहिलेले कोठे सापडत नाही. ढोकरी ज्या खळग्यात मार्चअखेर उभी असते, त्या खळग्यात मार्चअखेर पाणी आहे. पक्ष्यांची वही ही अशी पाण्याचीही वही असते. ज्याला घर घ्यावयाचे आहे, त्याने ती आधी चाळावी. पाया कोठे भरू नये, हे त्याला तीत फुकट कळेल.

तिसरा आक्षेप कायदा जाणणाऱ्यांचा. ‘अहो, तिवरांना संरक्षण आहे, उच्च न्यायालयाचा निकाल आहे. तुमच्या वहीचे काय काम?’ निकाल आहे खरा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला असल्याचे म्हटले, हे आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांवर उपकार आहेत. पण त्याच कायद्याच्या दुनियेत २०१७ चे पाणथळ जागांविषयीचे नियमही आहेत. त्यांतल्या व्याख्येतून मीठ पिकविण्यासाठी खास बांधलेल्या जागा वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या मिठागरात भरतीच्या वेळी थवेच्या थवे गुडघाभर पाण्यात उभे असतात, ते त्या नियमांच्या लेखी पाणथळच नव्हे! पक्ष्यांनी नियम वाचलेले नसल्यामुळे ते तेथे येतच राहतात. नियम शब्दांवर चालतो आणि शब्द बदलून घ्यावयाचा, तर आकडे लागतात. ‘येथे फार पक्षी येतात हो’ या काकुळतीने आजवर एकही व्याख्या बदललेली नाही.

आकड्यांनी काय होते, तेही आपल्या शेजारीच पाहावे. ठाण्याची खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. ही यादी इराणातल्या रामसर या गावी १९७१ साली झालेल्या करारातून निघाली. तिच्या कसोट्यांपैकी एक अशी आहे, की एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला शंभरातला एक पक्षी त्या जागेवर नियमितपणे येत असला पाहिजे. यातल्या ‘नियमितपणे’ या शब्दाकडे लक्ष द्या. एका रविवारी दहा हजार पक्षी पाहिले, त्याची छायाचित्रे काढली, वर्तमानपत्रात छापली, तरी ‘नियमितपणे’ सिद्ध होत नाही. त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. गंमत पाहा, ‘नियमितपणे’ म्हणजे दुसरे काय? ‘नेहमीचेच!’ ज्या शब्दाने आम्ही नोंद टाळतो, तोच शब्द करारात जागेची किंमत ठरवितो. फक्त तेथे तो पुराव्यासह म्हणावा लागतो.

आणखी एक उदाहरण ताजे आहे आणि आमच्या दारातून जाणारे आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या मार्गात पन्नास हजारांहून अधिक तिवरे तोडावी लागणार होती. आराखडा बदलल्यावर हा आकडा सुमारे बावीस हजारांवर आला, आणि २०२२ च्या डिसेंबरात न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. परवानगी मिळाली याचे दुःख मला आहेच. परंतु तीस हजार झाडांची बाजू मांडता आली, कारण झाडे मोजलेली होती. ज्याची संख्या नाही, त्याच्यासाठी आराखडा कोण बदलणार?

‘पक्षी काय, उडून दुसरीकडे जातील,’ हा चौथा आक्षेप मला सर्वांत अधिक चीड आणतो, कारण तो दयाळू चेहऱ्याने केला जातो. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या एका पाणटिवळ्याने अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कोठेही न उतरता कापले. त्याच्या पाठीवर यंत्र होते, म्हणून हे कळले. त्याच जातीचे पाखरू आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येते. जो एवढे उडतो, त्याला आणखी दहा किलोमीटर जड का व्हावेत? याचे उत्तर घरातल्या कोणाही गृहिणीला देता येईल. पाहुणा हजार कोस चालून आला, म्हणून त्याला दिवसातून दोन वेळा जेवणासाठी पुढच्या गावी पाठवावे काय? भरती दिवसातून दोनदा येते. दोन्ही वेळा थव्याला चिखलाजवळ टेकावयास जागा लागते. ती लांब गेली, तर चिखलात मिळविलेली चरबी ये-जा करण्यातच खर्च होते, आणि एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघताना ती कमी पडते. आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे नेमके कोठे? तेथेही कोणीतरी हेच म्हणत असते.

आता माझ्याच गोटातल्या मंडळींकडे वळतो. त्यांना राग आला तरी चालेल. अलीकडे आमच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी तोफेच्या नळीएवढ्या भिंगांचे कॅमेरे दिसतात. एखादा दुर्मीळ पक्षी उतरल्याची बातमी फुटली, की पन्नास माणसे धावतात. तो पक्षी भेदरतो. छायाचित्रे निघतात, वाहवा होते, आणि सोमवारी किनारा पुन्हा ओस. या मंडळींचे प्रेम खोटे नाही, पण ते वरातीतले आहे. चिखलावर पसरलेल्या आठशे टिलव्यांना ओलांडून ते एका पाहुण्याकडे जातात, आणि विचारले तर टिलव्यांविषयी म्हणतात... काय म्हणतात ते मी पुन्हा लिहीत नाही. मीही त्या वरातीत नाचलो आहे, हे वर कबूल केलेच आहे.

आम्ही वसईकर नोंदीचे शत्रू आहोत असेही नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा शोधला, आणि आम्ही त्याचा अभिमान धरला. १५३४ चा तह आणि १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय आमची शाळकरी पोरे धडाधडा सांगतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सर्व धर्मांतले सहकारी ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले. फादर २०२४ मध्ये गेले, पण ती आठवण ताजी आहे. किल्ल्याच्या दगडादगडाची आम्हांला वंशावळ ठाऊक आहे. त्याच किल्ल्याभोवतीच्या तिवरांत रात्री कोल्हे ओरडतात, चिखलात निवट्या उड्या मारतात, तटावर घारी बसतात. त्यांची मात्र आमच्याजवळ तारीख नाही. हिरवी वसई हवी म्हणून आम्ही लढलो, पण त्या हिरव्यात कोण राहते याची यादी करावयाची राहून गेली.

ती यादी आता कोणालाही करता येते, आणि एकट्याच्या कपाटात ठेवावी लागत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने सुरू केलेल्या ‘ई-बर्ड’वर आपली रोजची नोंद सर्वांसाठी ठेवता येते. अशाच नोंदींतून २०२३ साली ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल तयार झाला. तीस हजारांहून अधिक हौशी माणसांनी केलेल्या तीन कोटी नोंदी त्याच्यामागे आहेत. ९४२ जातींचा विचार झाला. त्यांपैकी दीर्घकाळचा कल सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा, आणि त्यांतल्या शंभरातल्या साठ जाती घटत चालल्या आहेत. चिखलावरचे हिवाळी पाहुणे घटणाऱ्यांच्या यादीत आहेत. मला या अहवालातली सर्वांत दुःखाची गोष्ट कोणती वाटते, सांगू? उरलेल्या सहाशे जाती. त्या वाढल्या की घटल्या हे सांगता येत नाही, कारण जुन्या नोंदीच पुरेशा नाहीत. ती रिकामी जागा माझ्यासारख्यांच्या ‘नेहमीचेच’ने भरलेली आहे.

हल्ली आवाजावरून पक्षी ओळखणारे यंत्र खिशात मावते. त्यामुळे ‘आम्हांला नावे येत नाहीत’ ही सबबही उरलेली नाही. यंत्र नाव सांगील, पण पंचमीला पावणेचार वाजता बांधावर जाऊन उभे राहावयाचे, ते तुम्हांआम्हांलाच.

एवढे सांगून झाल्यावर प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करतो. वहीने डंपर थांबत नाही. माझ्या नव्या वह्या पूर्ण असूनही उद्या आणखी एखादे खाजण जाईल. पण ते जाईल तेव्हा ‘येथे काही नव्हते’ असे कोणाला म्हणता येणार नाही. काय होते, किती होते आणि कोणत्या तिथीला होते, हे लिहिलेले असेल. चोरी आणि हिशेबातली घट यांतला फरक मी आयुष्यभर पाहिला आहे. नोंद नसली, की चोरीही घट म्हणून खपते.

म्हणून ही विनंती, विशेषतः घरातल्या मुलांना. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. व्यापाऱ्याच्या घरी पाडव्याला कोऱ्या वहीत पहिली नोंद होते. त्या दिवशी घरात आणखी एक वही घालावी. शंभर पानी पुरे. भुईगाव, कळंब, अर्नाळा हे जवळ नसतील, तर गल्लीतले तळे घ्यावे, तेही नसेल तर गच्ची. जागा एकच ठेवावी, वेळ नेमलेली ठेवावी. तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, आणि मग जे दिसेल त्याची संख्या. कावळे किती, साळुंक्या किती, गायबगळे किती. नाव येत नसेल तर ‘तांबड्या पायांचा’ असे लिहावे, नाव पुढे सापडते. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहावा. आणि ज्या दिवशी काही दिसणार नाही, त्या दिवशी पान कोरे न सोडता स्पष्ट शून्य लिहावे. कारण ‘पाहिले आणि नव्हते’ व ‘पाहिलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोऱ्या पानावर त्या एकसारख्या दिसतात. आमच्या त्या पंचनाम्यातही हाच घोटाळा होता. एका दिवसाच्या शून्याला त्यांनी बारा महिन्यांचे शून्य मानले, आणि ते खोडून काढण्यासाठी मजजवळ एकही आकडा नव्हता.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळी त्याच्या मागेपुढेच असते. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांनी अरण्यातल्या पाखरांना मराठीत नावे, कथा आणि कोश दिला. त्या नावांपुढे आकडे लिहिण्याचे काम आपल्याकडे उरले आहे.

यंदाही अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येईल. घरोघरी पूजेची तयारी चालू असेल आणि मी जेवणाची वेळ चुकवल्याबद्दल बोलणी खात मिठागराच्या बांधावर उभा असेन. उधाणाचे पाणी चढू लागले, की उत्तरेकडून नुकतेच आलेले थवे चिखलावरून उठून त्या आगरात उतरतील. परतताना कोणीतरी विचारीलच, “काय काका, आज काय पाहिलंत?” मी वही उघडून पहिल्यापासून वाचून दाखवीन. ऐकणाऱ्याला कंटाळा आला, तरी मधेच थांबणार नाही.